इंग्रजीचे शिक्षक व्हावे, पण...

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी भेटीस येतात, तेव्हा एक शंका वारंवार निघते. "इंग्रजीचे शिक्षक व्हावे असे मनात येते, पण शाळेत असताना आमचेच इंग्रजी कच्चे होते. आम्ही कोणाला काय शिकविणार?" या शंकेचे निरसन करावे, असे आम्हांस वाटते.

भाषा येणे निराळे आणि ती शिकविता येणे निराळे. 'मी भात खातो' याचे इंग्रजी मूल 'आय राईस ईट' असे करते. ज्याला केवळ भाषा येते, तो त्यावर लाल रेघ ओढतो. प्रशिक्षित शिक्षकाला मात्र दिसते की, मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्माच्या आधी येते. मुलाने मातृभाषेचाच नियम पाळला आहे. 'नाईफ' या शब्दातील मुका 'के' त्याला अडवितो, कारण देवनागरीत बहुधा लिहिलेले अक्षर उच्चारले जाते. चुकीचे मूळ समजावून सांगितले की, आपण मंदबुद्धी नाही हे मुलाला उमगते. ही चूक ज्याने स्वतः केली आहे, त्याला हे मूळ लवकर सापडते. म्हणून जे तुम्हांस उणे वाटते, तेच तुमचे भांडवल आहे.

लोकांनी आपल्या बोलीत धम्म शिकावा, अशी तथागतांची अनुज्ञा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात नोंदलेली आहे. शिकणाऱ्याच्या भाषेपासून आरंभ करण्याची ही रीत आपणांस परकी नाही.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाचे इंग्रजी त्यांनी घरी जातीने पक्के करून घेतले. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या त्या मुलाने पुढे इंग्रजीत जे ग्रंथ लिहिले, त्यांच्या पायाशी एका शिक्षक पित्याचे कष्ट आहेत.

मार्ग स्पष्ट आहे. प्राथमिक वर्गांसाठी बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, माध्यमिकसाठी पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड.; आणि पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. फी, वय, घरची जबाबदारी या अडचणी खऱ्या आहेत. त्या आम्ही नाकारीत नाही.

परंतु प्रेरणा वाट पाहून येत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी वस्तीतील दोन मुलांना महिनाभर रोज अर्धा तास इंग्रजी वाचून दाखवावे व त्यांच्याकडून वाचून घ्यावे. जे मूल पहिल्या दिवशी तोंड उघडीत नव्हते, ते एखाद्या संध्याकाळी आपणहून एक ओळ वाचील. त्या क्षणी तुमचा निर्णय तुम्हांसच कळेल.

आमच्या मुलांची भीती ज्यांनी स्वतः अनुभवली आहे, अशा शिक्षकांची त्या मुलांना आज गरज आहे. असे शिक्षक या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांतूनच घडावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.