रिंगच्या वर, नियमाच्या आत

अमेरिकेतल्या रॉली शहरात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आहे. त्याच्या बास्केटबॉल संघाच्या, म्हणजे वुल्फपॅकच्या, चाहत्यांमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: आपल्याकडे आजवर झालेला सर्वांत भारी डंकर कोण? उंच उडी घेऊन हातातला चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबायचा, हा डंक. त्याला मिळणारे गुण दोनच, खालून अलगद ठेवलेल्या ले-अपइतकेच. तरीही सामन्याचा निकाल विसरलेला माणूस त्यातला एखादा डंक विसरत नाही. या वादात चार नावं हटकून येतात. १९८३ ची राष्ट्रीय अंतिम लढत शेवटच्या क्षणी डंक मारून जिंकून देणारा लोरेन्झो चार्ल्स. जेमतेम पाच फूट सात इंच उंचीचा स्पड वेब. २०१६-१७ चा एकच हंगाम खेळून गेलेला डेनिस स्मिथ ज्युनियर. आणि डेव्हिड थॉम्पसन. यातलं चौथं नाव वादाला विलक्षण वळण देतं. थॉम्पसन १९७२ ते १९७५ असे तीन हंगाम विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळला आणि त्या तिन्ही हंगामांत महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये डंक मारायला बंदी होती. माझं म्हणणं असं की पहिला क्रमांक त्याचाच आहे. तो बंदी असूनही त्याचा ठरत नाही, बंदीमुळेच तो त्याचा असल्याचं सिद्ध करता येतं.

चाहते पुरावे कसे मांडतात ते आधी बघायला हवं. त्या काळच्या गुणपत्रकात डंकचा रकाना नव्हता, टोपलीत पडलेला चेंडू एवढीच नोंद व्हायची. त्यामुळे जुन्या खेळाडूंची बाजू घेणारे प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष काढतात आणि नव्यांची बाजू घेणारे चित्रफीत पुढे करतात. मग मोजमापं बदलत राहतात. कुणी उडीची उंची धरतो, कुणी डंकचा जोर, कुणी प्रसंग. प्रत्येक जण आपल्या आवडत्या खेळाडूला सोयीचं माप निवडतो आणि तेच खरं माप असल्यासारखा बोलतो. या भांडणात एक गोष्ट सतत गल्लत करते. सर्वांत मोठा डंक कोणता आणि सर्वांत मोठा डंकर कोण हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर एका क्षणात सापडतं, दुसऱ्याचं सबंध कारकिर्दीत शोधावं लागतं. दुसऱ्या प्रश्नासाठी मला एकच माप टिकाऊ वाटतं: हा खेळाडू रिंगच्या वर पोहोचू शकतो एवढ्या एका गोष्टीमुळे समोरच्या संघाला आपला खेळ किती बदलावा लागला?

हे माप लावायचं तर डंक कशाकशाचा बनतो ते नीट पाहिलं पाहिजे. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते आणि तिचा व्यास १८ इंच असतो. चेंडू आत कोंबायचा तर हात रिंगच्या वर साधारण वीतभर तरी जायला हवा. पण उंची हा त्यातला एक भाग झाला. त्याआधी पावलांचा हिशेब असतो: कुठून उडायचं, एका पायावर की दोन्ही. बचावपटूचं वजन कोणत्या पायावर आहे हे ओळखावं लागतं. चेंडू दुसऱ्याकडून हवेत येणार असेल, तर तो कुठे आणि कधी येईल याचा अंदाज तो सुटण्याआधीच बांधावा लागतो. हवेत असताना धक्का बसणार हे धरूनच अंग वळवावं लागतं. हे सगळं साधल्यावर शेवटी मनगटाचा एक झटका. आपण टाळी वाजवतो ती त्या झटक्याला, पण कौशल्याचा सर्वांत लहान हिस्सा तोच असतो.

१९६७-६८ च्या हंगामापासून नेमका हा झटका बेकायदा झाला. त्याच्या आदल्याच हंगामात यूसीएलए विद्यापीठाच्या ल्यू अल्सिंडॉरने, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारने, देश गाजवला होता आणि नियम त्याच्यासाठीच केला असं तेव्हापासून सर्रास मानलं जातं. इजा होतात, रिंगा आणि बोर्ड मोडतात ही कारणं पुढे करण्यात आली, आणि डंकला बचावाकडे उत्तरच नसल्याने खेळाचा तोल जातो, हेही सांगितलं गेलं. या नियमाला वर्णभेदाचा वास आहे असं अल्सिंडॉरने स्वतः म्हटलं होतं आणि तेव्हा डंक मारणारे बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय होते हे पाहता तो आक्षेप झटकून टाकता येत नाही. माझ्या मुद्द्यापुरतं त्यातलं तिसरं कारण महत्त्वाचं. डंकचा खरा परिणाम बचावावर होतो, हे नियम करणाऱ्यांनीच कबूल केलं होतं. बंदी १९७६-७७ च्या हंगामात उठली. थॉम्पसन १९७५ मध्येच बाहेर पडला होता.

या चौकटीत सहा फूट चार इंचांच्या थॉम्पसनने काय केलं? रिंगच्या वरच्या काल्पनिक नळकांड्यात चेंडूला हात लागला तर बास्केट बाद. म्हणून त्याच्यासाठी रिंगच्या जवळ उंच चेंडू फेकला जायचा, बहुतेकदा संघातल्या सर्वांत बुटक्या खेळाडूकडून, पॉइंट गार्ड माँटी टोकडून. थॉम्पसन तो हवेतच झेलायचा आणि उतरू लागण्याआधी रिंगमध्ये अलगद सोडायचा. अ‍ॅली-ऊप या नावाने आज जगभर ओळखली जाणारी ही खेळी महाविद्यालयीन खेळात रुजवण्याचं मोठं श्रेय या जोडीला जातं. तिची तुलना सरळ डंकशी करून पाहा. डंक मारणाऱ्याला रिंगचा आधार असतो, चेंडू थोडा वाकडा आला तरी जोराने आत दाबता येतो. थॉम्पसनला तीच उंची गाठून, त्याच गर्दीत, बोटांच्या टोकांवर चेंडू तोलून बरोबर त्या जागी सोडावा लागे. जोराची जागा नियमाने नेमकेपणाला दिली होती. झटका काढून घेतल्यावर डंकमधलं जे जे उरतं ते सगळं, अधिक अवघड रूपात, तो प्रत्येक सामन्यात करत होता.

आणि त्यासमोर प्रतिस्पर्धी हतबल होत होते. १४ जानेवारी १९७३ चा मेरीलँडविरुद्धचा सामना देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. बरोबरी झालेली, शेवटचे क्षण, सात फुटांहून उंच टॉम बर्लसनचा नेम चुकला आणि परत आलेला चेंडू थॉम्पसनने वरच्यावर रिंगमध्ये ढकलला. वुल्फपॅक ८७-८५ ने जिंकला, त्यात थॉम्पसनचे गुण ३७. त्या हंगामात संघ २७ पैकी २७ सामने जिंकला, पण शिक्षा म्हणून राष्ट्रीय स्पर्धेबाहेर होता. पुढच्या हंगामात ३० विजय, एक पराभव. लागोपाठ सात वेळा विजेता ठरलेल्या यूसीएलएला उपांत्य फेरीत दोन जादा डावांनंतर ८०-७७ असं हरवलं, त्यात थॉम्पसनचे २८ गुण होते. मग मार्केटला हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. तीन हंगामांत मिळून त्याची सरासरी सामन्यामागे २६.८ गुणांची. त्याच्यापासून लांब उभं राहावं तर तो लांबून नेम साधायचा, जवळ जावं तर चेंडू डोक्यावरून जायचा. मी मांडलेल्या मापात याहून मोठा परिणाम वुल्फपॅकच्या दुसऱ्या कुणाही उंच उडणाऱ्याच्या नावावर नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. ज्याने डंक मारलेच नाहीत त्याला सर्वांत मोठा डंकर कसं म्हणायचं? जे घडलं नाही त्याला गुण द्यायचे तर यादी कल्पनेवर उभी राहील. पण थॉम्पसनच्या बाबतीत काहीच कल्पावं लागत नाही. उडी, झेल, वेळ, जागा हे सगळं भरलेल्या प्रेक्षागारांत, प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर घडलेलं आहे. घडलं नाही ते फक्त मनगट. शिवाय तेही एकदा घडलं. १९७५ मध्ये घरच्या मैदानावर, रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये, शार्लटविरुद्धच्या त्याच्या शेवटच्या सामन्यात त्याने सगळ्यांदेखत डंक मारला, टेक्निकल फाउल पत्करला आणि प्रशिक्षक नॉर्म स्लोन यांनी त्याला बाहेर घेतलं तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. मनगटाबद्दल कुणाला शंका उरलीच असेल, तर १९७६ च्या जानेवारीत डेन्व्हरला झालेली एबीए या व्यावसायिक लीगची डंक स्पर्धा आहे. तिथे ज्युलियस अर्व्हिंग पहिला आला आणि थॉम्पसन दुसरा. महाविद्यालय सोडून त्याला तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं.

दुसरा आक्षेप आठवणींवर आहे, आणि तो मला निम्मा मान्य आहे. थॉम्पसनच्या उभ्या उडीचा आकडा ४४ इंच सांगितला जातो. त्याही पुढे जाऊन, तो बोर्डाच्या वरच्या कडेवर ठेवलेलं नाणं उचलायचा अशी गोष्ट सांगतात. त्या काळच्या आणखी काही उंच उडणाऱ्यांबद्दलही ती तशीच सांगितली जाते. तिचा हिशेब करून बघावा. त्या उंचीच्या माणसाचा उभ्याने वर केलेला हात साधारण २.६० मीटरपर्यंत पोहोचतो. ४४ इंच म्हणजे १.१२ मीटर. बेरीज ३.७२ मीटर, आणि बोर्डाची वरची कड ३.९६ मीटरवर. नाणं तिथेच राहतं. थॉम्पसनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट सोडून द्यावी, कारण खोटा पुरावा खऱ्याचीही किंमत घालवतो. पण तोच हिशेब उलटा वाचला तर त्याचा हात रिंगच्या दोन फूट वर जात होता असं निघतं. आकडा फुगवलेला आहे असं धरून त्यातले सहा-सात इंच कापले तरी तो रिंगच्या दीड फूट वर उरतो, आणि अ‍ॅली-ऊपला लागते त्याहून ही उंची कितीतरी जास्त आहे. त्याची बाजू दंतकथेशिवाय भक्कम उभी राहते.

चार्ल्सचं नाव पुढे करणाऱ्यांशी वाद घालताना मन जड होतं, कारण त्याचा तो डंक या खेळातल्या सर्वांत प्रिय क्षणांपैकी एक आहे. ४ एप्रिल १९८३, आल्बुकर्की. समोर ह्यूस्टनचा संघ, हकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलरचा. डंकसाठीच देशभर गाजलेला हा संघ उपांत्य फेरीत लुईव्हिलला उडत्या बास्केटांचा पाऊस पाडून हरवून आला होता. प्रशिक्षक जिम वाल्व्हानो यांच्या वुल्फपॅककडून कुणालाच आशा नव्हती. ५२-५२ अशी बरोबरी असताना डेरेक व्हिटेनबर्गने फार लांबून चेंडू भिरकावला, तो तोकडा पडला आणि रिंगजवळ उभ्या असलेल्या चार्ल्सने तो हवेतच पकडून आत कोंबला. ५४-५२. या डंकमध्ये गरुडझेप नाही. आहे ती जागेची जाण: सगळे चेंडू रिंगला लागण्याची वाट बघत होते आणि तो रिंगपर्यंत पोहोचणारच नाही हे चार्ल्सने सर्वांआधी ओळखलं. वर मी उडीआधीच्या कौशल्याबद्दल जे म्हटलं, त्याचं इतकं शुद्ध उदाहरण दुसरं नाही. म्हणूनच सर्वांत मोठा डंक त्याचा, यात मला शंका वाटत नाही. पण चार्ल्सची खरी ताकद रिंगखालच्या रेटारेटीत होती. डंकच्या भीतीने कुणी त्याच्याविरुद्ध वेगळी व्यूहरचना केली नाही.

वेबबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याने एनबीएची डंक स्पर्धा जिंकली आणि हरवलं ते अटलांटा हॉक्समधल्या आपल्याच सहकाऱ्याला, आदल्या वर्षीचा विजेता डॉमिनिक विल्किन्सला. त्याच्या उंचीला ते अचाटच होतं. पण स्पर्धेत समोर बचावपटू नसतो, आणि विद्यापीठात असताना संघाला तो हवा होता तो चेंडू खेळवणारा गार्ड म्हणून. स्मिथचा दावा अधिक कठीण. चेंडू स्वतः पुढे नेत, दोन-तीन बचावपटू चुकवत तो रिंगवर झेपावायचा. २३ जानेवारी २०१७ ला ड्यूकच्या मैदानावर ३२ गुण मिळवून त्याने वुल्फपॅकला ८४-८२ असा विजय दिला, तिथला १९९५ नंतरचा पहिला, आणि सामना संपताना मारलेल्या डंकने त्यावर शिक्का उठवला. प्रकारांची विविधता हे माप धरलं तर तो थॉम्पसनच्या पुढे आहे, हे मान्य करायला हवं. मात्र त्या विविधतेमागे डंक मोकळेपणाने मारू देणारी चाळीस वर्षं आहेत, आणि भार पडताच वाकून परत जागेवर येणारी रिंगही आहे. इलिनॉयमध्ये धान्याच्या कोठारावर व्यवस्थापक असलेल्या आर्थर एहरट यांनी शेतीच्या अवजारातली स्प्रिंग वापरून ती बनवली आणि १९८२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. थॉम्पसनच्या काळातली रिंग ताठ होती, आणि तिला लटकायची मुभाही नव्हती.

तेव्हा माझ्या यादीत थॉम्पसन पहिला, स्मिथ दुसरा. तिसऱ्या जागेसाठी चार्ल्स आणि वेब यांच्यात मी चार्ल्सच्या बाजूने आहे, कारण वेबचं सर्वांत झळाळतं उड्डाण हॉक्सच्या गणवेशात झालं आणि चार्ल्सचं वुल्फपॅकच्या. यादी एका संघाच्या इतिहासाची आहे, हा निकष इथे तरी निर्णायक मानावा लागतो.