जिप्समची आडभिंत घालताना

डिंडोलीत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. लहान घरात मुलांच्या अभ्यासासाठी आडभिंत हवी असते. जिप्समचा बोर्ड विटांपेक्षा हलका, म्हणून काही बंधू तो स्वतःच बसवतात. परंतु जिप्समला पाणी सोसत नाही. आणि ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता.

पत्र्याच्या उभ्या पट्ट्या ओळंब्यात, दोन-दोन फुटांवर बसवाव्यात. फरशी सगळीकडे सारखी नसते. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या जागी डावीकडे व उजवीकडे उंची मोजावी. जी कमी भरेल तिच्यातून अर्धा इंच वजा करावा. दर्शनी कागदावर सुरीने रेघ ओढून बोर्ड मागे वाकवून मोडावा व मागचा कागद कापावा. बोर्ड छताशी टेकवून स्क्रू लावावेत. खाली राहिलेल्या फटीमुळे फरशी पुसतानाचे पाणी बोर्ड शोषत नाही.

सांधे घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. नाकातोंडावर मास्क बांधावा, मुलांना दूर ठेवावे. गावाहून आणलेली धान्याची पोती या भिंतीला टेकवू नयेत. मध्ये हवा खेळू द्यावी.

बोर्ड भिजून मऊ झाला तर रंग देऊन झाकू नये. आत बुरशी वाढते व दमेकऱ्यांना त्रास होतो. तेवढा भाग कापून नवा बसवावा.

वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला प्रभूने दिला तो पाऊस येण्याआधी विचार करण्यासाठीच.