जुने कपडे, दोन खोल्या आणि नगररचना विभागाचा शेरा

आमच्या विहारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचे एक घर आहे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक उपासक तेथे एकटेच राहत. त्यांनी मृत्युपत्र करून हे घर विहाराच्या न्यासाला दिले आणि २०२२ च्या पावसाळ्यात त्यांचे निधन झाले. घराचे काय करायचे यावर मंडळात सहा महिने चर्चा चालली. कोणी म्हणे अभ्यासिका, कोणी म्हणे भाड्याने द्या. अखेर ठरले ते असे की, समाजातील ज्यांच्याकडे वापरण्याजोग्या वस्तू पडून आहेत त्यांनी त्या येथे आणून द्याव्यात आणि ज्यांना गरज आहे त्यांनी येथून न्याव्यात. वह्या, पाठ्यपुस्तके, दप्तरे, सायकली, शिलाई मशीन, भांडी, कपडे. म्हणजेच वस्तू-संकलन केंद्र. काम सोपे वाटले होते. प्रत्यक्षात कुलूप उघडायला आठ महिने लागले. ती हकीकत येथे सविस्तर देत आहोत, कारण असे केंद्र काढू पाहणारी आमच्यासारखी मंडळे जागोजागी आहेत आणि आमच्या चुका त्यांना फुकट मिळाव्यात.

पहिली चूक सांगून टाकतो. आम्ही परवानगी घेतलीच नाही. घर आपले, काम पुण्याचे, मग विचारायचे कोणाला? जून २०२३ च्या शेवटच्या रविवारी आम्ही पाटी लावली, त्रिसरण-पंचशील घेतले आणि दार उघडले. पहिल्या आठवड्यात गावाने आमच्यावर जणू पोत्यांचा पाऊसच पाडला. दिवसा देणारे थोडे; रात्री अंधारात दारात टाकून जाणारेच जास्त. त्यात फाटक्या चादरी, एका पायाचे बूट, कुजक्या उशा. मग खरा पाऊस आला. पोती भिजली, कुत्र्यांनी फाडली, गल्लीभर चिंध्या झाल्या. शेजारच्या गृहस्थांनी नगरपरिषदेकडे तक्रार केली आणि जुलैच्या मध्यावर नोटीस आली : राहत्या घराचा विनापरवाना गोदाम म्हणून वापर.

त्या रात्रीची सभा विसरता येणार नाही. तरुण मंडळी संतापली होती. "चौकात किराण्याचं गोदाम आहे, ट्रक उभे राहतात, त्याला नोटीस नाही. आपल्यालाच का?" हा प्रश्न खोटा नव्हता आणि आजही त्याचे उत्तर आम्हाला मिळालेले नाही. पण आम्ही सांगितले, दुसऱ्याचे बेकायदा आहे म्हणून आपले कायदेशीर होत नाही. मोर्चा काढायचा तर आधी आपले कागद घट्ट हवेत. कागद पाहिले तर ते अगदीच सैल निघाले.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ असे सांगतो की, केवळ भिंत उभी करणे म्हणजेच 'विकास' नव्हे. इमारतीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हाही विकासच आहे आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. कलम ४४ खाली अर्ज करायचा. कलम ४५ खाली प्राधिकरण परवानगी देते, अटींसह देते किंवा नाकारते; नाकारताना कारण द्यावे लागते. नाकारल्यास कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. विनापरवाना बदलाची नोटीस येते ती कलम ५३ खाली. आमच्यातील कितीजणांना हे माहीत होते? एकालाही नाही. तालुका कचेरीतून निवृत्त झालेले एक काका आमच्या मंडळात आहेत, त्यांनी पुस्तक आणून सभेत मोठ्याने वाचले तेव्हा कळले.

अर्ज करायचा कोणी? ज्याच्या नावावर मिळकत आहे त्याने. मिळकत पत्रिकेवर अजून दिवंगत उपासकांचेच नाव होते. आधी फेरफार करून घेतला. मग न्यास म्हणून सही कोणाची, हा प्रश्न. सार्वजनिक न्यास नोंदणी कायदा १९५० चा. त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले, मालमत्ता वाढली, की ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्या नोंदीवर जे विश्वस्त होते त्यांपैकी तिघे हयात नव्हते. निवडणुका आम्ही दरवेळी उत्साहाने घेतल्या होत्या, हार घातले होते, फोटो काढले होते. बदल अर्ज मात्र कोणी दिला नव्हता. वाचकहो, आपल्या विहाराची फाइल एकदा काढून पाहा. आमच्यासारखी ती बहुधा अनेक ठिकाणी निघेल. विलंब माफीचा अर्ज, जुने ठराव, हिशेब यांत आमचे जवळजवळ दोन महिने गेले.

या काळात वस्तीत दुसराच वाद पेटला आणि तो नोटिशीपेक्षा आम्हाला अधिक झोंबला. आमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. विहारातली पहिली खुर्ची त्यांची. त्या सभेत उठल्या आणि म्हणाल्या, "लेकराहो, उतरलेलं आम्ही लई नेसलं. पाटलाच्या वाड्यातून फेकलेलं लुगडं माझ्या मायनं ओंजळीत झेललंय. बाबासाहेबांनी ते सोडवलं. आता तुम्ही विहाराच्या दारात पुन्हा तोच ढीग लावणार व्हय?"

सभा गप्प झाली. त्यांचे म्हणणे भावनेचे म्हणून बाजूला ठेवण्यासारखे नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे लिहिलेलेच आहे. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असेही आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, तो काही केवळ निषेधाचा विधी म्हणून नव्हे. त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहा, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, असे सांगितले. कपडा ही आपल्या समाजात कधीच फक्त कपडा नव्हती. कोणी दिला, कसा दिला, हातात दिला की वरून टाकला, यावर माणसाची पायरी ठरत होती.

मग केंद्र काढायचेच नाही का? यावर दोन सभा झाल्या. एका तरुण शिक्षिकेने विनयपिटकातील आनंदाची गोष्ट सांगितली. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. राजाला ते रुचले नाही. त्याने विचारले, एवढ्यांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची जीर्ण झाली त्या भिक्षूंना वाटू. जीर्ण झालेल्यांचे काय? पांघरुणे करू. ती जीर्ण झाली की? गादीच्या खोळी. मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि शेवटी तुकडे करून चिखलात मळून त्याने जमीन सारवू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे दिली. आजींना गोष्ट आवडली, पण त्या हटल्या नाहीत. "त्यांनी एकमेकाला दिलं," त्या म्हणाल्या, "वरून खाली टाकलं नाही."

त्यांच्या या एका वाक्यावर केंद्राचे नियम ठरले. कपडा धुतलेला, इस्त्री केलेला, बटणे लावलेला असेल तरच घ्यायचा. फाटका असेल तर देणाऱ्यासमोरच परत. ढीग नाही, फळीवर घडी. नेणाऱ्याने स्वतः निवडायचे, त्याचे नाव विचारायचे नाही, फोटो काढायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्या काही कार्यकर्त्यांना जड गेला. दान देतानाचा फोटो छापून आला नाही तर दान झाल्यासारखे वाटत नाही, अशी आपल्याकडे अलीकडे रीतच पडली आहे.

आता पुन्हा नगरपरिषदेकडे वळू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्ज गेला. सोबत परवानाधारक अभियंत्याचा नकाशा, मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, न्यासाचा ठराव. त्या वेळी नगरपरिषदेवर प्रशासक होता, नगरसेवक नव्हते. त्यामुळे 'वरून फोन' करायला कोणी उरले नव्हते. ते एका परीने बरेच झाले. पहिली हरकत आली : हा वापर गोदामाचा आहे, रहिवास विभागात गोदाम चालत नाही. आमचे उत्तर असे की, गोदामात माल साठवून विकतात. येथे विक्री नाही आणि आलेली वस्तू फार दिवस थांबणार नाही. हा समाजकल्याणाचा वापर आहे. याला जोड म्हणून काकांनी एक मुद्दा घातला, तो त्यांच्याच डोक्यातला. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत शहरोशहरी आर.आर.आर. केंद्रे उघडली गेली. जुने कपडे, पुस्तके, खेळणी नागरिकांनी तेथे आणून द्यावीत म्हणून. आमच्या नगरपरिषदेनेही ५ जूनपर्यंत एका शाळेच्या खोलीत ते चालवले होते. नगरपरिषदेने तीन आठवडे जे केले ते गोदाम नव्हते, तर आम्ही वर्षभर करू ते गोदाम कसे? या ओळीखाली साहेबांनी पेन्सिलने रेघ मारल्याचे आम्हाला नंतर नस्तीत दिसले.

अमेरिकेत अशा केंद्रांचा पसारा मोठा आहे. १९०२ साली बॉस्टनमध्ये एका पाद्र्याने सुरू केलेली गुडविल ही संस्था तेथे गावोगावी दानाच्या वस्तू घेते आणि जागेनुसार तिलाही स्थानिक नियोजन मंडळापुढे उभे राहावे लागते. मोटारींची रांग, रात्री टाकलेली पोती, कचरा, हेच प्रश्न तेथेही. शेजाऱ्यांच्या हरकतीबाबत तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा एक निकाल जाणून घेण्याजोगा आहे. टेक्सासमधील क्लेबर्न शहराने मतिमंद व्यक्तींच्या निवासगृहाला परवानगी नाकारली होती. न्यायालय म्हणाले, शेजाऱ्यांची नुसती नावड किंवा भीती हे परवानगी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपल्या कामाचा विचार त्यात आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या अर्जात पाच मुद्दे होते. उंदीर, आग, कुत्री आणि वाहने हे चार खरे होते. पाचवा होता 'अशा लोकांची वर्दळ'. पहिल्या चारांना आम्ही एकेक करून लेखी उत्तर दिले. पाचव्यापुढे उत्तराची जागा कोरी सोडली. साहेबांनीही त्यावर काही लिहिले नाही.

डिसेंबरात आमचे सचिव आनंदाने धावत आले. अर्ज देऊन साठ दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे कायद्याने परवानगी मिळाली असे मानले जाते, उघडा कुलूप! काकांनी त्यांना बसवले. साठ दिवस हे अर्जापासून किंवा हरकतीला आपण उत्तर दिल्यापासून, जे नंतरचे असेल त्यापासून मोजायचे. आणि मानीव परवानगी मिळते ती नियमांशी सुसंगत असलेल्या कामालाच. उत्तर देऊन आपल्याला तीनच आठवडे झाले होते. त्या दिवशी कुलूप उघडले असते तर दुसरी नोटीस आलीच असती.

स्थळपाहणी जानेवारीत झाली. सहायक नगररचनाकार तरुण होते. त्यांनी खोल्या मोजल्या, मागचे दार पाहिले, वायरिंग बदला म्हणाले. आजी ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांनी साहेबांना विचारले, "बाळ, तुमच्या कागदात एक लिहा. दाराबाहेर चिंधी दिसली तर बंद करा म्हणून." साहेब हसले. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये परवानगीपत्र आले त्यात दुसरी अट तीच होती : कोणतीही वस्तू इमारतीबाहेर ठेवता येणार नाही. बाकीच्या अटी अशा : वस्तू फक्त ठरलेल्या वेळी स्वीकारणे, विक्री न करणे, आग विझवण्याची दोन नळकांडी ठेवणे, निरुपयोगी माल आठवड्याला हलवणे, गल्लीत वाहन उभे न करणे. पत्र महिनाभर लांबले असते तर लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली असती आणि मग 'आता जूननंतर या' हे ऐकावे लागले असते.

केंद्र आता रविवारी सकाळी १० ते १ आणि बुधवारी संध्याकाळी ५ ते ७ उघडे असते. सर्वाधिक जातात त्या वह्या, कंपासपेट्या आणि दहावी-बारावीची पुस्तके. चैत्यभूमीवर 'एक वही, एक पेन' आणा असे आवाहन केले जाते, त्याचाच हा आमच्या गावातला भाग. कपडे त्या मानाने कमी येतात, कारण इस्त्रीची अट. चार भगिनी दर शनिवारी बसून घड्या तपासतात, बटणे लावतात. उरलेल्या सुती कपड्यांच्या गोधड्या आणि पायपुसणी होतात. सारवण्यापर्यंत अजून आम्ही पोहोचलेलो नाही.

रात्रीची पोती पूर्ण थांबलेली नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा सकाळी ती दारात सापडतात आणि सहाच्या आत आत घ्यावी लागतात, नाहीतर शेजारचे गृहस्थ मोबाइलवर फोटो काढतात. ते अजून आमच्याशी बोलत नाहीत. दारावर दिवा लावला आहे, पाटीही मोठी केली आहे. पाटीवर वेळ, अटी आणि परवानगीचा क्रमांक आहे. अर्जाचा नमुना, बदल अर्जासोबत लागणाऱ्या कागदांची यादी आणि हरकतीला दिलेले उत्तर यांच्या प्रती विहारात ठेवल्या आहेत. ज्या मंडळांना हव्यात त्यांनी रविवारी यावे. झेरॉक्सचे पैसे बरोबर आणावेत.