मूत्राशयाची घाई आणि औषधाची सावधगिरी

बाह्यरुग्ण विभागात काही तक्रारी रुग्ण सर्वांत शेवटी सांगतो. गुडघेदुखी, रक्तदाब, पोटातील जळजळ हे सारे सांगून झाले, चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता आवाज खाली करून तो म्हणतो, ‘‘डॉक्टर, लघवीला फार घाई होते हो. पोहोचेपर्यंत दम निघत नाही.’’ भगिनीवर्ग तर पुष्कळदा तेवढेही बोलत नाही. नगर-मनमाड रस्त्यावरचा एस.टी.चा प्रवास टाळणे, लग्नकार्यात दाराजवळची जागा धरणे, कीर्तनातून मध्येच उठावे लागेल म्हणून देवळात न जाणे, शेतावर निघण्यापूर्वी पाणीच न पिणे, अशा युक्त्यांनी कित्येक वर्षे काढली जातात. संकोचामुळे उपचार लांबतो, ही हानी आहेच. परंतु संकोचामुळे शेजारणीच्या किंवा जावेच्या पाकिटातील गोळी गुपचूप घेतली जाते, ही त्याहून मोठी हानी होय. म्हणून या विकारावरील औषधे सुरक्षितपणे कशी घ्यावीत, याची माहिती येथे देत आहोत.

विकार कोणता?

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ते भरत असताना मूत्राशयाचा स्नायू सैल राहतो आणि योग्य वेळी, आपल्या इच्छेने आकुंचन पावतो. काही व्यक्तींमध्ये मात्र हा स्नायू मूत्राशय पुरते भरण्याआधीच, इच्छेविरुद्ध आवळला जातो. त्यामुळे अचानक, न आवरणारी घाई होते, दिवसा वारंवार जावे लागते, रात्री झोपेतून उठावे लागते आणि काहींना कपड्यात लघवी होते. याला अतिक्रियाशील मूत्राशय असे म्हणतात. मूत्रनियंत्रणविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ साली या लक्षणसमूहाची व्याख्या निश्चित केली. तीत ‘घाई’ हे मुख्य लक्षण मानले आहे. वाढत्या वयात हा विकार अधिक आढळतो. परंतु ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून सोडून द्यावा, असा तो नाही.

प्रत्येक घाई म्हणजे हाच विकार, असेही समजू नये. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मूतखडा, नियंत्रणात नसलेला मधुमेह, पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, तीव्र बद्धकोष्ठता, तसेच रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी यांमुळेही वारंवार जावे लागते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी केली जाते. गरज वाटल्यास लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती मूत्र शिल्लक राहते, हे सोनोग्राफीने पाहिले जाते. ही शेवटची तपासणी काहींना निरर्थक वाटते. वस्तुतः मूत्राशय नीट रिकामे होत नसलेल्या रुग्णाने हे औषध घेतले, तर लघवी पूर्णपणे अडण्याचा धोका असतो.

औषध शरीरात काय करते?

मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन स्रवते आणि त्याच्या संदेशाने मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन ही औषधे या संदेशाची वाट अडवतात. स्नायू शांत राहतो आणि घाई कमी होते.

अडचण अशी, की हे रसायन केवळ मूत्राशयाचे निरोप्या नाही. लाळ, घाम, आतड्यांची हालचाल, डोळ्यांची बाहुली, हृदयाची गती, मेंदूतील स्मरण व भान या सर्वांशी त्याचा संबंध आहे. आपल्या परिसरातील शेतकरी कुटुंबांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. पिकावर फवारायच्या काही कीटकनाशकांची विषबाधा झाली, की शरीरात हेच रसायन साचते. रुग्णाच्या तोंडातून लाळ वाहते, अंग घामाने भिजते. त्यावर दिले जाणारे ॲट्रोपिन हे या रसायनाची वाट अडवते. तेव्हा त्याच रुग्णाचे तोंड कोरडे पडते, नाडी जलद होते, बाहुल्या विस्फारतात आणि मात्रा अधिक झाल्यास तो बरळू लागतो. बांधावर उगवणाऱ्या धोतऱ्याच्या विषातही ॲट्रोपिनसारखीच द्रव्ये असतात. मूत्राशयाच्या गोळ्या या विषाइतक्या उग्र मुळीच नाहीत. योग्य मात्रेत त्या उपयुक्तच आहेत. परंतु त्यांची दिशा तीच आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील प्रत्येक सूचनेचे कारण आपोआप उमगेल.

ऊन आणि वार्धक्य

तोंडाला कोरड पडणे व बद्धकोष्ठता हे सर्वांत अधिक आढळणारे दुष्परिणाम. दृष्टी किंचित धूसर होऊ शकते. विशिष्ट प्रकारच्या, म्हणजे अरुंद कोनाच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब एकाएकी वाढू शकतो. आपल्याकडे विशेष महत्त्वाचा परिणाम म्हणजे घाम कमी येणे. घामावाटे शरीर थंड होते. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा ही गोळी घेणाऱ्याने भर दुपारी उसाच्या फडात किंवा कांद्याच्या वाफ्यात काम करणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण होय. त्यात ‘लघवी लागू नये’ म्हणून पाणी तोडले, तर धोका दुणावतो.

वृद्धांच्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक असते. गोळी सुरू झाल्यावर घरातील आजी एकाएकी विसरू लागली, रात्री उठून भलतेच बोलू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून घरचे गप्प बसतात. प्रत्यक्षात तो औषधाचा परिणाम असू शकतो आणि वैद्यकीय सल्ल्याने औषध बदलल्यावर ओसरूही शकतो. या वर्गातील औषधांचा दीर्घकाळ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध काही अभ्यासांत दिसून आला आहे. औषधामुळेच स्मृतिभ्रंश होतो, हे त्यावरून सिद्ध झालेले नाही. तरीही सत्तरी ओलांडलेल्यांना कमीत कमी मात्रा द्यावी व वेळोवेळी फेरविचार करावा, हे श्रेयस्कर.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. पोटातील कळेवर दिले जाणारे डायसायक्लोमिन, सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी वा मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन ही औषधेही त्याच रसायनाची वाट अडवतात. तीन डॉक्टरांनी तीन कारणांसाठी तीन निरुपद्रवी गोळ्या दिल्या, तरी रुग्णाच्या शरीरात त्यांची बेरीज होते. ही बेरीज कोणत्याही एका चिठ्ठीवर दिसत नाही. ती दिसते फक्त घरातील औषधांच्या पिशवीत.

दुसऱ्या वर्गातील औषध

मिराबेग्रॉन हे वेगळ्या मार्गाने स्नायू सैल करणारे औषध २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले व आता भारतातही मिळते. त्याने तोंडाला कोरड कमी पडते व भान हरपण्याची भीती कमी असते. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो. १८०/११० वा त्याहून अधिक, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना ते देत नाहीत. मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन यांसारखी हृदयाची औषधे चालू असल्यास तसे डॉक्टरांना आधी सांगावे.

घेताना पाळावयाचे नियम

१) ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. दुसऱ्याची गोळी घेऊ नये व आपली दुसऱ्यास देऊ नये.

२) दिवसातून एकदा घ्यावयाच्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चावू, तोडू वा कुटू नयेत. तसे केल्यास दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते.

३) गोळी चुकल्यास दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

४) पाकिटावरील कंपनीचे नाव बदलले, तरी आतील औषधाचे मूळ नाव वाचावे किंवा औषध विक्रेत्याकडून समजून घ्यावे. एकच औषध दोन नावांनी घेतले जाण्याचा संभव असतो.

५) काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार, गर्भधारणा किंवा स्तनपान यांची माहिती आधीच द्यावी. बुरशीवरील व काही प्रतिजैविक औषधांनी या गोळ्यांची रक्तातील पातळी वाढते. म्हणून नवे औषध सुरू होताना जुने दाखवावे.

६) गुण दिसण्यास चार ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मात्रा स्वतः वाढवू नये.

७) दृष्टी धूसर किंवा झोपाळू वाटल्यास दुचाकी, ट्रॅक्टर वा यंत्र चालवू नये.

लघवी पूर्णपणे अडणे, डोळ्यात तीव्र वेदना, चेहरा-ओठ सुजणे, भान हरपणे, उन्हात अंग तापून घाम न येणे यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लघवीत रक्त दिसल्यास तपासणी लांबवू नये.

गोळी हा उपचाराचा एक भाग आहे, संपूर्ण उपचार नव्हे. ठरावीक वेळाने लघवीस जाणे व त्यातील अंतर हळूहळू वाढवणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, चहाचे कप कमी करणे, रात्री झोपण्यापूर्वी पाणी बेताने व दिवसा पुरेसे पिणे यांनी अनेकांना मोठा आराम पडतो आणि औषधाची मात्राही कमी ठेवता येते.

वाचकांना विनंती एवढीच, की पुढील वेळी रुग्णालयात येताना घरातील सर्व औषधे, सर्दीच्या गोळीपासून काढ्याच्या बाटलीपर्यंत, एका पिशवीत घालून आणावीत आणि ही तक्रार उठता उठता नव्हे, बसल्याबरोबर सांगावी. सांगण्यास लागणारे धैर्य क्षणभराचे असते. न सांगितल्याने भोगावे लागते ते वर्षानुवर्षे.