जुना ॲक्सल की नवा? हिशेब पूर्ण जोडणीचा करा

मोठे टायर लावून खडकाळ वाटांवर गाडी नेणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो : जास्त भक्कम ॲक्सल घालायचा, तर भंगार यार्डातला घ्यावा की कोरा? असे बदल अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होतात, म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ. जीप रँग्लरच्या अनेक मॉडेलांत पुढे डाना ३० ॲक्सल असे. त्याच्या क्राऊन व्हीलचा व्यास सुमारे ७.२ इंच, जड पिकअप ट्रकांच्या डाना ६० चा ९.७५ इंच. त्यामुळे ३७ इंची टायर ठरले, की डाना ६० किंवा जनरल मोटर्सच्या ‘१४ बोल्ट’ ॲक्सलचा शोध सुरू होतो. या शोधात काही समजुती खिशाला महाग पडतात, काही जिवावरही बेतू शकतात.

गैरसमज १ : जुना ॲक्सल म्हणजे झिजलेला ॲक्सल.

वस्तुस्थिती : हाऊसिंग म्हणजे मधला ओतीव गोळा आणि त्यात ठोकून बसवलेले पोलादी पाइप. गाडीला अपघात झाला नसेल, अतिभार पडला नसेल, तर ते कित्येक दशके टिकते. १९७३ पासून ट्रकांना बसत आलेल्या १४ बोल्टची जुनी हाऊसिंग आजही लोक शोधून घेतात. झिजतात ते बेअरिंग, ऑइल सील, क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), बॉल जॉइंट आणि ब्रेक.

म्हणून पाहणी बारकाईने करावी. पाइप वाकलेला नाही ना, हे मोजून पाहावे. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन सरळ आहेत की पिळलेल्या, ते बघावे. पिळलेला शाफ्ट बादच समजावा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. आतल्या चुंबकावर बारीक काळा गाळ सापडणे स्वाभाविक आहे, पण लोखंडाचे कपचे सापडले तर दाते किंवा बेअरिंग फुटले आहेत.

गैरसमज २ : जुना घेतला की पैसे वाचतात.

वस्तुस्थिती : यार्डातली किंमत ही खर्चाची सुरुवात असते. ट्रकच्या ॲक्सलमध्ये गिअर रेशो बहुधा ३.५४, ३.७३ किंवा ४.१० असतो. मोठ्या टायरना ४.८८ किंवा ५.३८ लागतो, म्हणजे क्राऊन-पिनियनची नवी जोडी आली. डाना ६० मध्ये ४.१० पर्यंतच्या आणि ४.५६ पासून पुढच्या रेशोंना वेगवेगळे कॅरिअर, म्हणजे क्राऊन व्हील ज्यावर बसते तो भाग, लागतात, म्हणजे जुने कॅरिअरही कदाचित बदलावे लागेल. ट्रकच्या हबला आठ नट, रँग्लरला पाच. त्यामुळे रिमही नवे. शिवाय स्प्रिंग आणि लिंकचे ब्रॅकेट वेल्ड करणे, स्टिअरिंग जुळवणे, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलणे हे सगळे आलेच. ही बेरीज कधी कधी नव्या ॲक्सलच्या किमतीला भिडते. वेल्डिंग आणि गिअर सेटिंग स्वतःला येत असेल, तरच जुन्यात खरी बचत होते.

गैरसमज ३ : डाना ६० म्हटले की सगळे सारखेच.

वस्तुस्थिती : या नावाखाली बरेच प्रकार आहेत. १९७८-७९ च्या फोर्ड ट्रकांचा पुढचा डाना ६० किंगपिनचा आहे आणि त्याचा पिनियन उंचावर आहे, म्हणून त्याला मोठी मागणी. मागच्या ॲक्सलांत काही सेमी-फ्लोटिंग, काही फुल-फ्लोटिंग. फुल-फ्लोटिंगमध्ये गाडीचे वजन हबवरच्या बेअरिंगवर येते आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्टच वजनही पेलतो, म्हणून तो तुटला तर चाक निसटू शकते. विकत घेताना नाव विचारून थांबू नये; हाऊसिंगवरचा क्रमांक वाचावा, स्प्लाइन मोजाव्यात.

गैरसमज ४ : नवा बसवला की काळजी मिटली.

वस्तुस्थिती : विशिष्ट मॉडेलसाठी तयार मिळणाऱ्या नव्या ॲक्सलवर ब्रॅकेट आधीच असतात, शाफ्ट मिश्रधातूच्या पोलादाचे मिळतात, वॉरंटी मिळते. हे फायदे मोठे आहेत. तरी नव्या गिअरना सुरुवातीला सवय लावावी लागते : पंधरा-वीस मैल हलक्या भाराने चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचे, आणि साधारण ५०० मैलांनंतर, म्हणजे ८०० किलोमीटरला, ऑइल बदलायचे. हे टाळले तर नवे दातेही तापून खराब होतात. शिवाय भक्कम ॲक्सल जड असतो आणि ताण पुढे ढकलतो. मग प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा ट्रान्सफर केस ही पुढची कमकुवत कडी ठरते.

गैरसमज ५ : नीट बसला, म्हणजे रस्त्यावर चालेल.

वस्तुस्थिती : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. ॲक्सल जुना असो वा कोरा, महाराष्ट्रातल्या गाडीमालकाने आधी आरटीओत विचारावे.

मग निवडायचे काय? हाऊसिंग सरळ असेल, कौशल्य आणि वेळ हाताशी असेल, तर जुने हाऊसिंग घ्या. मात्र बेअरिंग, सील, क्रॉस, बॉल जॉइंट आणि ब्रेक नवेच घाला. वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घ्यायचे असेल, किंवा त्याच गाडीतून कुटुंबाला घेऊन महामार्गावर जायचे असेल, तर तयार नवा ॲक्सल बरा. काहीही निवडले तरी, गाडी चाकांवर उभी राहीपर्यंतचा सगळा खर्च कागदावर मांडा आणि मगच पैसे द्या. स्टिअरिंग आणि ब्रेक ज्याला जोडलेले आहेत, त्या भागात काटकसर करू नका.