मेमध्ये तुतारी, नोव्हेंबरमध्ये धनुष्यबाण: मग नक्की बदललं काय?

गेल्या आठवड्यात गावाकडच्या एका ज्युनिअरने पीएच.डी.चा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. शीर्षक होतं, ‘२०२४ च्या निवडणूक निकालांतून दिसणारा मतदारांच्या राजकीय मूल्यांमधील बदल’. मी त्याला एवढंच विचारलं, की बाबा रे, निकालातून मूल्यं ‘दिसतात’ हे तू कशावरून ठरवलंस? पुढे तासभर फोन चालला. त्यातलं जे तुमच्या उपयोगाचं आहे ते इथे लिहितेय. तुमचा विषय निवडणूक नसला तरी वाचा. घोळ मोजमापाचा आहे, आणि तो कुठल्याही विषयात होतो.

आधी आपल्याच नांदगावची गोष्ट. नांदगाव विधानसभा मतदारसंघ दिंडोरी लोकसभेत येतो. २० मे २०२४ ला तिथे मतदान झालं. शरद पवार गटाच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे यांनी तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री, भाजपच्या भारती पवार यांना १ लाख १३ हजार मतांनी हरवलं. कांदा निर्यातबंदीचा राग सगळ्यांच्या तोंडी होता. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं. नांदगाव, येवला, चांदवड, निफाड, कळवण, दिंडोरी या सहाही जागा महायुतीकडे गेल्या. नांदगावात शिवसेनेचे सुहास कांदे जवळपास ९० हजारांनी निवडून आले.

जूनमध्ये चहाच्या टपरीवर ऐकू यायचं, ‘शेतकऱ्याने धडा शिकवला.’ नोव्हेंबरनंतर तेच लोक म्हणायला लागले, ‘पंधराशे रुपयांत मतं विकली.’ हे दुसरं वाक्य मला फार लागलं. त्यात माझी मामी येते.

मामांचा कांदा आहे. त्यांनी दोन्ही वेळा कुठे मत दिलं ते स्वतःच सांगितलं: मेमध्ये तुतारी, नोव्हेंबरमध्ये धनुष्यबाण. मी विचारलं, मामा, सहा महिन्यांत एवढे बदललात? ते म्हणाले, ‘मी कुठं बदललो? तवा आमचा माल अडवला म्हणून दिल्लीवाल्यांना पाडलं. आता आमदार निवडायचा होता, मनमाडच्या पाण्याचं बघायचं होतं. अन् कांद्याला भाव बी होता.’ मामीच्या खात्यात निवडणुकीआधी ‘लाडकी बहीण’चे पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार जमा झाले होते. तिचं म्हणणं, माझ्या नावावर पहिल्यांदा काहीतरी आलं.

आता यात मूल्य कोणतं आणि हिशेब कोणता? ‘शेतमालाची निर्यात सरकारने अडवू नये’ हे मामांचं मूल्याच्या जवळचं मत आहे, आणि ते दोन्ही वेळा तेच होतं. बदललं ते समोरचं सरकार, पद आणि त्या महिन्यातला मुख्य मुद्दा. मूल्य म्हणजे जे मुद्दा बदलला तरी टिकतं. मत म्हणजे ठरावीक दिवशी, समोरच्या ठरावीक नावांमधून केलेली निवड.

नावं कोणती होती तेही बघा. नांदगावात कांदेंच्या खालोखाल मतं मिळाली ती समीर भुजबळ यांना. ते अजित पवार गटाचे मुंबई अध्यक्ष, पद सोडून अपक्ष उभे राहिलेले. काका छगन भुजबळ शेजारच्या येवल्यात महायुतीचेच उमेदवार. म्हणजे पहिला महायुतीचा आणि दुसरा महायुतीतूनच बाहेर पडलेला. या निकालातून ‘विचारधारेचा विजय’ काढायचा असेल तर मला त्याची पद्धत दाखवा.

मीही यात आपटलेय. एम.एस्सी. संख्याशास्त्रात झाल्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतात. भाजपच्या विधानसभेतल्या जागा २०१४ मध्ये १२२, २०१९ मध्ये १०५, २०२४ मध्ये १३२. मतांचा वाटा मात्र सुमारे २७.८, २५.८ आणि २६.८ टक्के. मी झकास आलेख काढला आणि ग्रुप मीटिंगमध्ये ठासून सांगितलं, की जागा हलल्या, मतदार जागचा हलला नाही. मागून एकाने विचारलं, ‘पण लढवल्या किती?’ गप्पच झाले. २०१४ ला युती तुटली होती, तेव्हा पक्ष अडीचशेहून जास्त जागांवर लढला. २०२४ ला दीडशेच्या आसपास. बऱ्याच कमी जागा लढवून जवळपास तोच वाटा, तर ‘काही बदललं नाही’ असं म्हणता येत नाही. आणि त्यात मित्रपक्षांची मतं किती हेही वेगळं करता येत नाही. म्हणजे जागांवरून काढलेला निष्कर्ष कच्चा, आणि टक्क्यांवरून काढलेलाही कच्चाच.

हा प्रश्न फक्त आपला नाही. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या पक्षाला १९७९ मध्ये ४३.९ टक्के मतं आणि ३३९ जागा मिळाल्या. १९८३ मध्ये मतं घटून ४२.४ टक्के झाली, जागा मात्र वाढून ३९७! विरोधक दोन गटांत फुटले होते. तरी सगळीकडे चर्चा, की देश थॅचरवादी झाला. आयव्हर क्रू या अभ्यासकाने सर्वेक्षणं तपासली, तर उत्तर नकारार्थी आलं. कर कमी करण्यापेक्षा सरकारी सेवांवर खर्च करा, असं म्हणणारे त्या काळात उलट वाढत होते.

यंत्रच भलतं मोजत असेल तर काय होतं, त्याचं उदाहरण पुन्हा दिंडोरीचं. लोकसभेला बाबू भगरे नावाचे एक अपक्ष होते. आडनाव तेच, चिन्ह तुतारी. पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. अपक्षाला १ लाखाहून जास्त मतं पडली. ती सगळी चुकूनच पडली असं सिद्ध करता येणार नाही, पण एवढ्या मतांना ‘राजकीय मूल्य’ म्हणायला माझं मन धजत नाही.

मग मूल्य मोजायचं कसं? त्याच माणसांना, तेच प्रश्न, काही काळाने पुन्हा विचारायचे. याला पॅनेल सर्वेक्षण म्हणतात. दरवेळी नवीन माणसं घेतली तर मतं बदलली की माणसं बदलली, हे कळत नाही. (लोकसभा ते विधानसभा या काळात राज्याच्या मतदारयादीतही सुमारे ४० लाखांची भर पडली. त्यावरचा राजकीय वाद बाजूला ठेवला तरी तुलना करताना हे विसरून चालत नाही.) पण पॅनेलनेही सगळं सुटत नाही. फिलिप कॉन्व्हर्सने १९६४ मध्ये दाखवलं, की त्याच अमेरिकन माणसांना दोन-दोन वर्षांनी तोच प्रश्न विचारला तर बऱ्याच जणांची उत्तरं नाणेफेक केल्यासारखी फिरतात. त्याच्या मते या लोकांना त्या विषयावर मतच नव्हतं. १९७५ मध्ये ख्रिस्तोफर एकेनने उलटा मुद्दा मांडला: माणसं नाही, तुमचे प्रश्न धूसर आहेत. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना हे लगेच पटेल. काटा हलला, तर आधी वजनकाटा तपासायचा.

अजून एक फास आहे. समजा सर्वेक्षणात मूल्य खरंच बदललेलं दिसलं. ते बदललं म्हणून माणसाने पक्ष बदलला, की पक्ष आधी बदलला आणि मग पक्षाची भाषा त्याने उचलली? गॅब्रिएल लेंझच्या २०१२ च्या पुस्तकात दुसऱ्या प्रकाराचे भरपूर पुरावे आहेत. गावात हे आपण रोज बघतो. नेता पलटला की कार्यकर्त्याचा मोबाईल स्टेटस संध्याकाळपर्यंत पलटतो, आणि वर्षभरात तो ते मनापासून बोलायला लागतो. म्हणून निकालामागे मूल्यबदल नसतोच, असंही मी म्हणत नाही. कधी तो निकालानंतर येतो, आणि कधी तोच आमदार पुन्हा निवडून येत असताना खाली बरंच सरकलेलं असतं.

ज्युनिअरला शेवटी तीन कामं दिली. एक, शीर्षकातून ‘मूल्य’ काढ किंवा ते कशाने मोजणार ते लिही. दोन, आयोगाचे फॉर्म २० उघड, नांदगावच्या प्रत्येक बूथचे मे आणि नोव्हेंबरचे आकडे समोरासमोर ठेव. पण बूथ फिरला म्हणून त्यातला अमुक माणूस फिरला असं लिहू नकोस. माझ्या मामांबद्दल बूथ काहीही सांगत नाही. तीन, साठ-सत्तर घरं निवड आणि निवडणूक नसलेल्या वर्षात निर्यात, पाणी, थेट पैसे यांवर दोनदा तेच प्रश्न विचार. पक्षाचं नाव सगळ्यात शेवटी.

तो म्हणाला, ताई, एवढ्यात तर माझं कोर्सवर्क संपेल. संपू दे म्हटलं. प्रश्नावलीचा पहिला मसुदा मामींवर तपासून बघायचं ठरलंय, त्यांनी अट घातलीय की कांदा भरायचे दिवस सोडून या.