नवेगाव बांधाची उथळ कड

नागपूर–रायपूर महामार्गावर भंडारा, लाखनी, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला दक्षिणेकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात आणि त्यांच्या अधूनमधून पाणी दिसू लागतं. एका तलावाची पाळ संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते. मधल्या सखल जागेत एखादी बोडी म्हणजे लहान तळं, तिच्यात कमळं, काठावर म्हशी. हा झाडीपट्टीचा मुलूख. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक माणसाने बांधलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध हा त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला. रेल्वेने यायचं तर गोंदिया–बल्लारशा मार्गावर देवलगाव स्थानकात उतरावं. तिथून गाव अगदी जवळ आहे.

या पाण्याचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे निसर्गाने दिलेलं सरोवर वाटतं, कारण तिन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेले दिसतात. खरं म्हणजे डोंगरांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीने बुजवून पाणी अडवलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असं परंपरा सांगते. कोहळी समाजाची तलाव बांधण्याची ख्याती जुनी. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल, असा गोंड राजांचा रिवाज होता असं सांगतात. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि जास्तीचं कुठून निघून गेलं म्हणजे पाळ फुटत नाही, हे या लोकांना यंत्राशिवाय कळत होतं. नवेगावची पाळ पाहताना मला त्या नजरेचं नवल वाटतं.

भोवतालच्या शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. पाळ बांधताना या बहिणींनी कोलू पाटलाला मदत केली, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटीलही पुढे देव झाला. कोलासुर या नावाने त्याचं ठाणं इथे पुजलं जातं. तलाव बांधणाऱ्याला गावाने देव करावं, ही मला या परिसरातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पाण्याच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट आहे.

मराठी वाचकाला नवेगाव ठाऊक झालं ते मारुती चितमपल्लींमुळे. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले आणि ‘नवेगाव बांधचे दिवस’ हे पुस्तक त्यातून आलं. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसाच्या सोबतीने त्यांनी इथलं रान वाचलं. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. २०१३ च्या डिसेंबरात नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. नवेगावला येणाऱ्या अनेकांच्या मनात आजही त्यांचीच पानं असतात.

पण बहुतेक पर्यटक जिथे थांबतात तिथे हा तलाव फारसा कळत नाही. पाळीवर उभं राहायचं, खोल निळं पाणी पाहायचं, फोटो काढायचा, टेकडीवरच्या बागेत चहा घ्यायचा, संध्याकाळी परतायचं, असा रिवाज पडलेला आहे. खोल पाणी सुंदर आहे, यात वाद नाही. मात्र तलावाचा संसार पाळीच्या विरुद्ध बाजूला, जिथे पाणी गुडघाभर होतं आणि हळूहळू चिखलात, गवतात, धानात मिसळून जातं तिथे चाललेला असतो. वाचकाला मला त्या कडेला न्यायचं आहे. नवेगावइतकीच ती शेजारच्या गावांच्या लहान तलावांवरही पाहता येते; उलट तिथे अधिक जवळून, कारण तिथे मासेमारी चालू असते.

ही कड हिरवी असते. काठाशी देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानटी भात. त्याच्या पुढे कमळाची, कुमुदिनीची पानं. त्याहून आत, पाण्याखाली डोळ्याला न दिसणारं दाट गवत, कुठे केसांसारखं बारीक, कुठे लांब पट्ट्यांसारखं. कमळपक्षी पानांवरून चालतो, जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात शिरते. हिवाळ्यात बदकं येतात, त्यांतली कित्येक याच गवतावर जगतात. पाणमांजरांचा वावर या परिसरात आहे आणि मासा असेल तिथेच ती टिकतात. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तलावांच्या आणि धानाच्या आसऱ्याने महाराष्ट्रातले शेवटचे सारस उरलेले आहेत. त्यांची घटती संख्या हा इतका गंभीर विषय झाला की २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

आणि या गवतात मरळ असते.

झाडीपट्टीत मासोळी म्हटली की जाणत्याच्या तोंडी आधी मरळीचं नाव येतं. अंगाने लांबट, डोक्याने सापासारखी, काटे कमी, मांस घट्ट. ती हवा घेते. कल्ल्यांवर तिचं भागत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने पाण्यावर येऊन घोट घेते आणि खाली जाते. या सवयीमुळेच उन्हाळ्यात तलाव आटून चिखल उरला तरी ती तग धरते, आणि बाजारात ओल्या भांड्यात तासन्‌तास जिवंत राहते. पावसाळ्यात मरळीची जोडी उथळ पाण्यातल्या गवतात गोल जागा साफ करते. अंडी पाण्यावर तरंगतात. ती फुटेपर्यंत आणि पुढेही कित्येक दिवस आई-बाप पहारा देतात. तांबूस पिल्लांचा दाट थवा वर हलताना दिसला की त्याच्या खाली मोठी मरळ आहे हे ओळखावं. मासेमार ढिवरांची पोरं हे लहानपणीच शिकतात. अशा वेळी तिला टिपणं सोपं असतं, कारण ती पिल्लांना सोडून पळत नाही. मला विचाराल तर या दिवसांत तिला हात लावू नये. एक मरळ हाती लागते आणि अख्खा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

मरळीच्या जोडीने शिंगूर आणि मांगूर. दोघेही मिशाळ, दोघेही हवा घेणारे, चिखलात सुखाने राहणारे. शिंगूर हाताळायला अवघड. तिच्या छातीकडच्या परांना विषारी काटा असतो आणि तो रुतला तर हात ठणकत राहतो. पहिल्या दमदार पावसात हे मासे तलाव सोडून ओढ्याने, नहराने उलट वर चढतात आणि थेट धानाच्या बांध्यांत शिरतात. चढणीच्या या माशांसाठी बांधांच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावले जातात. त्या काही दिवसांत गावात ढिवरच काय, शेतकरीही कोळी होतो.

ढिवर हा इथला मासेमार समाज. जमीन थोड्यांकडे, बहुतेकांची शेती म्हणजे पाणी. जुना डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली अरुंद होडी. त्यात उभं राहून फेकजाळं टाकणं हे अंगात मुरायला वर्षं लागतात. जाळं हातावर कसं घ्यायचं, कमरेतून किती वळायचं आणि ते पाण्यावर पूर्ण उघडून कसं पडेल, हे काठावर उभं राहून पाहणं हा या भागातला माझ्या मते सर्वांत चांगला तास. त्यासाठी पहाटे तलावावर पोचावं लागतं. ऊन चढलं की जाळी सुकत पडलेली दिसतात आणि मासळी बाजाराला गेलेली असते. पकडणारे बहुधा पुरुष, विकणाऱ्या बहुधा बायका. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसलेल्या ढिवर बाईला कोणता मासा कोणत्या तलावाचा हे विचारून पाहावं, ती सांगते.

या माणसांची आणि या पाण्याची ताटातूट कशी झाली, ते समजल्याशिवाय आजचा तलाव कळत नाही. १९५० मध्ये जुन्या मध्य प्रदेशाच्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली आणि त्यांचे तलाव सरकारचे झाले. कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात ‘मामा तलाव’. गावाचे निस्तार म्हणजे रोजच्या वापराचे हक्क राहिले, पण पाळीची, गाळाची काळजी घेणारं घर राहिलं नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीसाठी ते सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. ठेका भरायचा म्हणजे उत्पन्न हवं. उत्पन्नासाठी सल्ला मिळाला तो कटला, रोहू, मृगल सोडण्याचा. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी कटकला संप्रेरकाच्या इंजेक्शनने या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि त्यानंतर मत्स्यबीज देशभर पोचवणं शक्य झालं. ते शास्त्र मोठंच, लाखो लोकांच्या ताटात त्याने मासा आणला.

इथल्या तलावांवर मात्र त्याचा एक वेगळा परिणाम झाला. हे मासे वाहत्या पाण्यात प्रजनन करणारे. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण आपोआप पिढी धरत नाहीत. म्हणजे संस्थेने दरवर्षी बीज विकत आणायचं, सोडायचं, पाऊस जास्त झाला की त्यातलं काही सांडव्यावरून वाहून जाताना पाहायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा खर्च करायचा. मरळ, शिंगूर यांना बीज लागत नव्हतं. त्यांना गवत लागत होतं. पुढे गवत्या मासा म्हणजे ग्रास कार्प आला, तो पाणवनस्पतीच खातो. सायप्रिनस आला, तो तळ उकरतो, पाणी गढूळ होतं आणि खाली ऊन पोचत नाही. त्यातच काठावर बेशरम पसरली. निळसर-गुलाबी फुलांची ही विदेशी झुडपं एकदा रुजली की उथळ पाण्यात दुसरं काही उगवू देत नाहीत. वरून तलाव भरलेला दिसतो, पण मरळीला अंडी घालायला जागा उरलेली नसते.

गेल्या काही वर्षांत अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर स्त्री-पुरुषांनी ही कड पुन्हा लावायला घेतली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कामातून तलावांचा, माशांचा आणि पाणवनस्पतींचा अभ्यास आधी झालेला होता. मासेमारांच्या डोक्यात असलेली माहिती त्यात नोंदली गेली. त्यावरून कामाची रीत ठरली. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की बेशरम मुळासकट उपटायची. उघड्या पडलेल्या टणक तळावर काही पट्टे नांगरायचे, कारण कडक मातीत पाणवनस्पती मूळ धरत नाही. पाऊस पडून पाणी चढू लागलं की जिथे जुनं गवत अजून शिल्लक आहे अशा तलावातून रोपं आणून या पट्ट्यांत लावायची. कोणतं गवत कोणत्या माशाच्या खाण्याचं, कोणतं अंडी घालायचं, हे ठरवताना कुठल्या पुस्तकाची गरज पडत नाही, कारण काठावर जन्म काढलेल्या बायकांना ते ठाऊक आहे. रोपं ओळखणं आणि लावणं यांत त्याच पुढे असतात. लावलेल्या तलावात काही काळ गवत्या मासा सोडायचा नाही, हेही संस्थेला ठरवावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या मासे विकणाऱ्या बायकांना संस्थेच्या बैठकीत जागा नव्हती. या कामाने त्यांचं बोलणं तिथे पोचलं, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

इथे यायचं तर दिवाळीनंतर यावं. धान कापणीला आलेलं असतं, तलाव भरलेले असतात, पाहुणे पक्षी उतरू लागतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. वडसा हे त्या नाट्यमंडळ्यांचं माहेर, ते नवेगावहून दूर नाही. मात्र पिल्लं राखणारी मरळ पाहायची असेल तर पावसाळ्यातच यायला हवं, चिखल तुडवायची तयारी ठेवून. जवळ इटियाडोह धरण आहे, प्रतापगडाची टेकडी आहे, आणि गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. एक दिवस त्यासाठी ठेवावा.

गळ घेऊन येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारीला कायद्याने मनाई आहे, तिथे गळ बाहेरच काढू नये. गावातला तलाव मोकळा दिसला तरी तो कुठल्या तरी संस्थेने ठेका भरून घेतलेला असतो, म्हणून आधी विचारावं. परवानगी मिळाली तर गवताच्या कडेला बसावं. छोटी बेडकी किंवा जिवंत लहान मासोळी लावली की मरळ येते. आणि नाही मिळाली तर सकाळी पाळीवरूनच मासा विकत घ्यावा. मरळ कटल्यापेक्षा महाग पडते. पण तो पैसा बीज विकणाऱ्याकडे जात नाही, टोपली घेऊन बसलेल्या बाईकडेच राहतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात बेशरम उपटायला तीच जाणार असते.